जुन्या अंगणांतील वेलगुलाब व त्यांची ओळख

(पॅरिशच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या स्नेहसंमेलनांत दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली, तेव्हां मी प्रथम संकोचलों. मी कोणी विद्वान नव्हे, वक्ता तर नव्हेच. चाळीस वर्षें बागेंत माती उकरण्यांत घालविलेला एक साधा माणूस आहें. परंतु उत्सवाच्या तयारींत वेदीवर फुलें कोणतीं ठेवावींत असा विषय निघाला, आणि आपल्या वडीलधाऱ्या मंडळींनीं एकामागून एक आपापल्या लहानपणच्या अंगणांतील गुलाब आठवावयास आरंभ केला. कोणाचा हिंगोलीचा, कोणाचा जालन्याचा, कोणाचा पूर्णेच्या रेल्वे क्वार्टर्समधला. एकाचा पांढरा, दुसऱ्याचा पिवळा, तिसऱ्याचा गुच्छागुच्छांचा. मांडवावर चढलेला मात्र प्रत्येकाचा, आणि वास असा कीं आजच्या गुलाबांत तो सांपडावयाचा नाहीं! "त्या गुलाबाचें नांव काय हो?" हा प्रश्न त्या दिवशीं मला निदान दहा जणांनीं विचारला. त्याचें उत्तर कसें शोधावें, एवढेंच मी आज सांगणार आहें.

विषय क्षुल्लक आहे असें कोणास वाटेल. परंतु याच प्रश्नावरून सख्ख्या बहिणींत अबोला पडलेला मीं पाहिला आहे. ती हकीकत प्रथम सांगतों.

या दोघी माझ्या आईच्या नात्यांतल्या. मी त्यांस थोरली मावशी व धाकटी मावशी म्हणतों. त्यांचे वडील पूर्णा जंक्शनवर रेल्वेच्या नोकरींत होते. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता, हें आपणांस ठाऊक आहेच. मनमाडहून सिकंदराबादेस जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास झाला, आणि पुढें पूर्णेहून हिंगोलीकडे फाटा निघाल्यावर तेथें नोकरवर्गाची चांगली वसाहत झाली. अशाच एका क्वार्टरच्या पडवीवर त्यांच्या आईनें एक वेलगुलाब चढविला होता. न्हाणीचें पाणी त्याच्या आळ्यांत जाई, आणि नाताळापासून ईस्टरपर्यंत मरिया मातेच्या तसबिरीपुढें त्याचें फूल असे.

थोरली मावशी म्हणे, "तो पिवळा होता. फूल मान खालीं घालून असे. त्याच्याखालीं उभें राहून वर पाहावें तेव्हां त्याचें तोंड दिसावयाचें. बाबा त्याला नीलसाहेबाचा गुलाब म्हणत." धाकटी म्हणे, "ताई, तो गुलाबी होता. आई त्याच्या पाकळ्यांचा गुलकंद करी, तो मीं खाल्ला आहे. पिवळाहि नव्हता आणि निळा तर मुळींच नव्हता!" प्रत्येकीस वाटे कीं दुसरी आपल्या आईची आठवण खोटी पाडते आहे. गोष्ट इतक्या थरास गेली कीं दोन नाताळ त्या एकत्र बसल्या नाहींत. अखेर १९८९ सालीं धाकट्या मावशींनीं मला सांगितलें, "तूं झाडांतला माणूस आहेस, काय तें एकदां ठरवून टाक."

मी पूर्णेस गेलों. ती क्वार्टरची ओळ पडली होती. परंतु मागल्या बाजूस, नळाच्या ओलीवर, गुलाबाचें एक रानटी वाढलेलें झुडूप उभें होतें, आणि त्यावर चार फुलें होतीं. गुलाबी! धाकट्या मावशी जिंकल्या असें म्हणून मी परत फिरणार होतों. पण सवयीप्रमाणें मीं बुडाची माती हातानें बाजूस केली. तेथें खोडाची नारळाएवढी गांठ निघाली. तिच्या माथ्यावर एक पोकळ खळगा होता. एके काळीं तेथून एक जाड खोड वर गेलें होतें व तें मरून कुजून गेलें होतें. सारे जिवंत फुटवे त्या गांठीच्या खालून आलेले होते. मग सारा उलगडा झाला.

येथें कलमाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. नाजूक जातीचा गुलाब स्वतःच्या मुळांवर पुष्कळदां जोम धरीत नाहीं. म्हणून माळी एखाद्या काटक गुलाबाचा खुंट घेतो, त्याच्या सालींत चीर पाडून हव्या त्या जातीचा डोळा भरतो, आणि तो डोळा फुटला कीं खुंटाचा वरचा भाग कापून टाकतो. तेव्हां अशा झाडांत दोन गुलाब असतात. मुळें एकाचीं, फुलें दुसऱ्याचीं. दुष्काळानें, वाळवीनें वा म्हातारपणानें वरचा मेला, तरी खालचा जगूं शकतो, आणि मग तोच वर येऊन फुलूं लागतो. घरच्या माणसांस वाटतें, गुलाबानें रंग बदलला.

आपल्या देशांत खुंटासाठीं पूर्वीं एडवर्ड नांवाचा गुलाब फार वापरीत. हिंदी महासागरांतील बूर्बाँ बेटावर, ज्याला आतां रेयुनियाँ म्हणतात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तो प्रसिद्धीस आला. फूल गुलाबी, वास भरपूर, आणि वर्षांतून अनेक वेळां बहर. दक्षिणेंत यालाच पन्नीर गुलाब म्हणतात. पूर्णेचें तें झुडूप सर्व खुणांनीं याच जातीचें ठरलें.

आतां पिवळ्याचें काय? येथें पॅरिशचें रजिस्टर मदतीस आलें. थोरल्या मावशींचें लग्न १९५२ सालीं लागून त्या सिकंदराबादेस गेल्या, अशी त्यांत नोंद होती. आणि धाकट्या मावशींचा बाप्तिस्मा १९४९ चा. म्हणजे थोरलीची आठवण संपते, तेथें धाकटीची सुरू होते! मधल्या काळांत वरचा पिवळा गेला आणि खालचा गुलाबी वर आला. "नीलसाहेब" या शब्दाचेंहि कोडें सुटलें. फ्रान्सचे सेनापती मार्शल आदोल्फ नील यांच्या नांवाचा एक पिवळा वेलगुलाब प्रादेल नांवाच्या फ्रेंच माळ्यानें १८६४ सालीं प्रसिद्ध केला. त्याचें फूल मोठें व भरदार, देठ मात्र बारीक व दुबळा. म्हणून फूल नेहमीं खालीं झुकलेलें. वास चहाच्या कोवळ्या पानांसारखा. थंड मुलखांत त्याला कांचघरांत ठेवावें लागे, पण हिंदुस्थानची ऊब त्याला मानवली. नील हा शब्द ऐकून आपण निळा रंग समजतों. पण तें आडनांव आहे.

मी दोघींकडे गेलों आणि हें सर्व सांगितलें. थोरली मावशी बराच वेळ बोलली नाहीं. मग धाकटीकडे वळून म्हणाली, "अग, मग गुलकंद कसा होता, तें तरी सांग." अबोला तेथें संपला. थोरली मावशी आतां प्रभूकडे गेली आहे. धाकट्या मावशी आज येथें पुढच्या रांगेंत बसल्या आहेत.

या हकीकतींतून मी एक धडा शिकलों. दोन आठवणी जुळत नाहींत, म्हणजे त्यांपैकीं एक खोटी असलीच पाहिजे असें नाहीं. प्रथम दोन्ही पूर्ण ऐकाव्या, कोणत्या वर्षाच्या तें विचारावें, आणि मग झाडाचें बूड पाहावें. म्हणून जुना गुलाब आठवतांना मी आतां पुढील प्रश्न विचारतों. आपणहि घरीं वडील माणसांस ते विचारावे.

पहिला प्रश्न : तो केव्हां फुलत असे? रंगापेक्षां ही खूण अधिक विश्वासाची. कांहीं वेलगुलाब वर्षांतून एकदांच, थंडी सरतां सरतां फुलतात. कांहीं पुन्हा पुन्हा फुलतात. चीनमधून १८०७ सालीं विल्यम केर यांनीं इंग्लंडास पाठविलेला पांढरा बँक्स गुलाब आणि १८२४ सालीं गेलेला त्याचाच पिवळा भाऊ, हे एकदांच फुलणारे. रॉबर्ट फॉर्च्यून यांना निंगपो शहरांतील एका चिनी अंमलदाराच्या बागेंत भिंतीवर जो तांबूस-पिवळा गुलाब दिसला व जो १८४५ सालीं विलायतेस पोंचला, तोहि एकदांच फुलणारा. उलट मार्शल नील, किंवा १८३० चा लामार्क हा लिंबाच्या छटेचा पांढरा गुलाब, पुन्हा पुन्हा फुलणारे. सण आठवले कीं महिना आठवतो; म्हणून "नाताळांत होता का? ईस्टरला होता का? मे महिन्याच्या भक्तीला होता का?" असें विचारावें.

दुसरा प्रश्न : कांटे कसे होते? रंग डोळ्यांस फसवितो, पण कांटा हाताच्या लक्षांत राहतो. बँक्स गुलाबास कांटे जवळजवळ नसतातच. मार्शल नीलला आंकड्यासारखे असतात. "माझी फ्रॉक अडकून फाटली होती," एवढ्या आठवणीवरूनहि एखादें नांव यादींतून गळूं शकतें.

तिसरा प्रश्न : पान कसें? गुलाबाच्या एका पानांत तीन, पांच, सात वा नऊ लहान पानें असतात. बँक्स गुलाबांत तीन किंवा पांच. गुच्छांच्या मल्टिफ्लोरा जातींत बहुधा सात वा नऊ. शिवाय पानाचा देठ फांदीस जेथें चिकटतो तेथें दोहों बाजूंस हिरवा पदर असतो, त्यास उपपर्ण म्हणतात. मल्टिफ्लोराचा हा पदर कंगव्यासारखा झालरीदार असतो; बँक्स गुलाबाचा बारीक असून लवकर गळून पडतो. आठवणींत हें कोणी ठेवीत नाहीं, पण जिवंत झाड हातीं आलें तर ही खूण पुष्कळ संशय मिटविते. १८१७ च्या सुमारास इंग्लंडांत गेलेला "सात बहिणी" नांवाचा वेलगुलाब याच मल्टिफ्लोराच्या कुळांतला. त्याच्या एकाच गुच्छांत गडद गुलाबीपासून फिक्या पांढऱ्यापर्यंत छटा असतात, म्हणून एकाच वेलीविषयीं दोघे दोन रंग सांगतात आणि दोघेहि खरे असतात.

चौथा प्रश्न : वास कोठून येत असे? कित्येक गुलाबांचा वास पाकळींत असतो. नाक जवळ न्यावें लागतें. पण कस्तुरी गुलाब व त्याच्या कुळांतले कांहीं गुलाब यांचा वास मधल्या केसरांत असतो व तो वाऱ्यावर दूर जातो. "फाटकापाशींच वास येई" असें कोणी म्हटलें, तर तो शब्द टिपून ठेवावा.

पांचवा प्रश्न : तो कोणीं व केव्हां आणला? गुलाबाच्या प्रसिद्धीचें साल ठाऊक असलें तर पुष्कळ चुका टळतात. पॉल्स स्कार्लेट नांवाचा तांबडा वेलगुलाब १९१६ चा. तो १९०३ पूर्वींच्या हिंगोलीच्या छावणींत असणें शक्य नाहीं. हैदराबाद कंटिंजंटचें पृथक् अस्तित्व त्याच सालीं संपलें. हिंगोली १९९९ पर्यंत आपल्या जिल्ह्यांत होती, म्हणून तेथल्या आठवणीहि आपल्याच समजाव्या. बाप्तिस्म्याचे व लग्नाचे जुने फोटो पाहावे. त्यांत रंग नसतो, परंतु फूल झुकलेलें आहे कीं ताठ, एकटें आहे कीं गुच्छांत, हें स्वच्छ दिसतें. आणि मागें तारीख असते.

आठवणीवरून व एखाद्या लेखी शब्दावरून हरवलेला गुलाब खरोखर सांपडतो का? सांपडतो. जुना खरा कस्तुरी गुलाब विलायतेंतून नाहींसा झाला असें मानलें जात होतें, आणि हिमालयांतील जो रानगुलाब तिकडील डोंगरी लोक कूजा म्हणून ओळखतात, त्यासच त्याचें नांव चिकटलें होतें. ग्रेअम स्टुअर्ट टॉमस या गुलाब-पंडितांनीं जुनी पुस्तकें चाळलीं, तेव्हां एक विसंगती त्यांच्या ध्यानांत आली : जुने लेखक म्हणतात हा गुलाब उन्हाळ्याच्या अखेरीस फुलतो, आणि हा हिमालयी तर आरंभींच फुलून मोकळा होतो. बाउल्स नांवाच्या एका उद्यानप्रेमी गृहस्थांनीं १९१४ सालच्या आपल्या पुस्तकांत लिहिलें होतें कीं खरा कस्तुरी गुलाब आपल्या घरीं आहे. ते १९५४ सालीं वारले. टॉमस १९६३ च्या ऑगस्टांत एन्फील्ड येथील त्या घरीं गेले, आणि भिंतीवर तो गुलाब नुकता फुलूं लागलेला त्यांना आढळला. "केव्हां फुलतो?" या एका प्रश्नानें तो परत मिळाला.

आणखी एक गोष्ट ध्यानांत असावी. हे जुने वेलगुलाब आपण विलायती म्हणतों, परंतु त्यांच्या रक्तांत पूर्वेचा वांटा मोठा आहे. चिनी गुलाब जहाजांनीं पश्चिमेस जातांना कलकत्त्यास थांबत, म्हणून फ्रेंच लोक त्यांस बंगालचे गुलाब म्हणूं लागले. मोठ्या फुलांचा एक प्रचंड रानवेल सर जॉर्ज वॉट यांनीं १८८२ सालीं आपल्या मणिपूरच्या डोंगरांत पाहिला. चहाच्या वासाच्या गुलाबांचा तो पूर्वज मानतात. कोडाईकनालचे विरू व गिरिजा वीरराघवन या दांपत्यानें त्याच्यापासून उष्ण हवेंत टिकणारे नवे गुलाब तयार केले आहेत. तेव्हां आपल्या आजीच्या पडवीवरील वेल ही परकी पाहुणी नव्हती. ती फिरून माहेरीं आली होती.

ओळख पटविण्याच्या कामीं आपल्याच धर्मगुरूंनीं घालून दिलेला कित्ता आहे. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लाटर यांनीं मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत वाळविलेल्या वनस्पतींचा जो संग्रह १९०६ सालीं सुरू केला, तो आज त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. फादर ब्लाटर १९३४ सालीं निवर्तले. तेथेंच काम केलेले स्पेनचे फादर सांतापाऊ पुढें भारतीय वनस्पति-सर्वेक्षणाचे संचालक झाले. या सत्पुरुषांची रीत साधी होती : आधीं नमुना, मग नांव. आपणहि तसेंच करावें. जुन्या गुलाबाची एक डहाळी घ्यावी. तिच्यावर कळी, उमललेलें फूल, दोन-तीन पूर्ण पानें व कांटे असावे. ती वर्तमानपत्राच्या कागदांत दाबून वाळवावी. आणि वाळल्यावर रंग व वास जातात, म्हणून ते त्याच दिवशीं कागदावर लिहावे. ठिकाण, तारीख व सांगणाराचें नांव विसरूं नये. मग परभणीच्या कृषि विद्यापीठांतील वा कॉलेजांतील जाणत्यांस दाखवावी.

नांवाची घाई मात्र करूं नये. पूर्णेचा गुलाबी एडवर्ड हें मी ठामपणें सांगतों, कारण झाड हातांत होतें. पिवळा मार्शल नील "असावा" एवढेंच म्हणतों, कारण झुकलेलें फूल, पुन्हा पुन्हा येणारा बहर आणि बाबांच्या तोंडचें नांव यांची साक्ष एकमेकांशीं जुळते, तरी झाड नाहीं. एकदां मीं स्वतः उतावळेपणानें एका वृद्ध गृहस्थांस "हाच तुमचा" म्हणून बाजारांतून आणलेलें रोप दिलें. पहिलें फूल उमललें तेव्हां त्यांनीं वास घेतला आणि मुकाट्यानें मान हलविली. ती मान मला आजहि आठवते. चुकीचें नांव दिलें कीं शोध थांबतो. "ठाऊक नाहीं, पूर्णेचा पिवळा" असें लिहिलें तर तो चालू राहतो.

आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं झाड जिवंत आहे तोंवर त्याची फांदी घ्यावी. भिंत पाडण्यापूर्वीं, घर विकण्यापूर्वीं, रस्ता रुंद होण्यापूर्वीं. पावसाळा सरल्यावर, थंडीच्या दिवसांत, नुकती फुलून गेलेली पेन्सिलीएवढी जाड फांदी वीतभर कापावी, खालचीं पानें काढावीं, दोन डोळे वर ठेवून वाळूमिश्रित मातींत लावावी व सावलींत ओलावा राखावा. मुळें धरल्यावर जागा उंचवट्याची निवडावी, कारण आपल्या काळ्या जमिनींत पावसाळ्यांत पाणी साचून मुळें कुजतात. वेल एकदांच फुलणारी असेल तर ऑक्टोबरांत इतर गुलाबांबरोबर तिची छाटणी करूं नये. तिचें फूल गतवर्षींच्या फांदीवर येतें, आणि तीच कापली तर "ही वेल फुलतच नाहीं" म्हणून तिचा उगाच बळी जातो.

प्रिय जनहो, ज्युबिलीच्या वर्षीं आपण मागें वळून पाहतों. ज्यांनीं हें मंदिर उभारलें त्यांचीं नांवें रजिस्टरांत आहेत; पण ज्या मातांनीं वेदीसाठीं फुलें वाढविलीं, त्यांच्या झाडांची नोंद कोठेंच नाहीं. म्हणून धर्मगुरूंच्या परवानगीनें पॅरिशच्या कचेरींत एक कोरी वही ठेविली आहे. आपल्या घरच्या जुन्या गुलाबाविषयीं आठवेल तें तींत लिहावें. झाड उरलें असेल तर फांदी आणावी. पूर्णेच्या झुडुपाची एक फांदी मीं १९८९ सालीं घरीं लावली होती. तिच्या वेलीचें रोप गेल्या थंडींत येथील मरिया मातेच्या गुहेशेजारीं लाविलें आहे. त्याला पहिलीं फुलें आलीं आहेत. तीं गुलाबी आहेत, आणि त्याच्या शेजारची जागा मीं मुद्दाम मोकळी ठेविली आहे. कोणाच्या अंगणांत मान झुकविणारा पिवळा गुलाब अजून असेल, तर त्यानें तो तेथें आणावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

परमेश्वर आपणां सर्वांचें कल्याण करो.